कुलपाचं बिल कोण भरतं?

सातरस्ता (धागाकर्ता)

सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे सर्वसाधारण सभेआधी हिशेब मांडायचं काम माझ्या गळ्यात. यंदा रंगकाम नाही, लिफ्टचं काही नाही, तरी मेन्टेनन्स वाढवावा लागतोय. कारण सुरक्षा. दोन पाळ्यांतले वॉचमन, कॅमेऱ्यांचा वार्षिक करार, गेटवरच्या ॲपचं भाडं, आणि आता बूम बॅरियर हवाय म्हणे. एवढ्या वर्षांत गेलं काय, तर एक सायकल, दारातल्या चपला आणि गच्चीवरच्या टाकीचा पितळी कॉक.

राखण आहे म्हणूनच चोरी होत नाही, असं कुणीतरी म्हणणारच. असेलही तसं. माझा मुद्दा निराळा आहे. चोर जे नेतो ते बहुतेक वेळा किरकोळ असतं. चोर येईल म्हणून आपण जे करून ठेवतो, ते फार महाग पडतं. आणि ते बिल चोर भरत नाही.

मॅनहोलच्या झाकणाचंच घ्या. भंगारवाला बिडाच्या झाकणाचे वजनावर पैसे देतो, म्हणजे चोराला मिळतात किरकोळ. मग पालिकेने झाकणाचा धातू बदलायचा, गस्त ठेवायची, खाली जाळ्या बसवायच्या. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ते झाकण चोरीचं नव्हतं, पाणी उतरावं म्हणून उघडलेलं होतं. पण त्यानंतर जाळ्यांचा आग्रह धरला गेला, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि उघडी भोकं कुठून येतात याचा हिशेब सुरू झाला तेव्हा चोरी हे त्यातलं मोठं कारण निघालं. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस अजून पायाने चाचपडतच पुढे जातो.

मालाडचा पूल तर आठवतच असेल. २०२३ साली एका नाल्यावरचा नव्वद फुटी, सहा हजार किलोचा लोखंडी पूल गॅस कटरने कापून नेला होता. धरले गेलेल्यांत काम दिलेल्या ठेकेदाराचाच एक माणूस होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर प्रश्न असा: तुमच्या धंद्यात, नोकरीत, घरात अविश्वासाचा खर्च कुठे दिसतो? "आपले लोकच असे" सोडून बाकी काहीही लिहा. त्या वाक्याने धागे बंद पडतात.

वरणभात

बँकेतलं दोरी बांधलेलं पेन. दोरी शाबूत, पेनात शाई नाही.

रेल्वेच्या संडासातला साखळी बांधलेला मग. चार रुपयांचा मग, दहाची साखळी.

कोपऱ्यातली_सीट

वरणभात, हसू नका, रेल्वेचा हिशेब गंभीर आहे. २०१७-१८ या एका वर्षात पश्चिम रेल्वेच्या एसी डब्यांतून जवळपास दोन लाख टॉवेल आणि ऐंशी हजारांवर चादरी गेल्या, हे छापून आलं होतं. एसीच्या डब्यातून हो, जनरलच्या नाही. आणि मे २०१७ मध्ये मुंबई-करमाळी तेजस सुरू झाली तेव्हा पहिल्याच फेरीत हेडफोन गायब आणि सीटसमोरच्या स्क्रीनवर ओरखडे. पुढे स्क्रीनच काढले. म्हणजे ज्यांनी काही नेलं नव्हतं, त्यांनाही खिडकीबाहेर बघत बसणं आलं. (कोकण रेल्वेवर ते बरंच म्हणा.)

मुलुंडची_मीनल

माझं पोळीभाजी केंद्र आहे. माझा अविश्वास काउंटरवर ठेवलेला आहे आणि तो बोलतो. साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारी डबी.

आधी फक्त क्यूआर कोड होता. सकाळी साडेआठला ऑफिसवाल्यांची झुंबड. एक हात तव्यावर, दुसऱ्याने पार्सल बांधतेय, समोरचा लांबून मोबाईल दाखवतो, हिरवी टिकली दिसते, "झालं काकी" म्हणतो आणि रिक्षात बसतो. रात्री खातं बघावं तर पैसे नाहीत. कालचा स्क्रीनशॉट दाखवणारे होते, आणि हुबेहूब टिकली दाखवणारी नकली ॲपसुद्धा निघाली आहेत. कॉलेजची मुलं, कपडे चांगले. वीस-तीस रुपयांसाठी कोण पोलिसात जाणार?

मग डबी घेतली. तिचं महिन्याचं भाडं जातं. आता डबी बोलल्याशिवाय पोळ्या हलत नाहीत. नेटवर्क नसलं की रांग तुंबते आणि ज्याने खरंच पैसे भरलेत तो बिचारा अर्धा मिनिट माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. रोजच्या गिऱ्हाईकालाही थांबवावं लागतं, मला ते आवडत नाही.

आमच्याकडे पूर्वी वही होती. बँकेतला शिपाई, शाळेतल्या बाई, महिन्याला हिशेब. वहीतलं बुडालं फार कमी. चेहरे माहीत होते ना. आता गिऱ्हाईक चौपट आहे, पण निम्म्यांची नावं मला माहीत नाहीत.

ओस्लोतून_अजय

इकडे गावाकडच्या रस्त्यावर शेतकरी बटाटे, स्ट्रॉबेरी टेबलावर ठेवून निघून जातो. शेजारी पैशाचा डबा किंवा मोबाईल पेमेंटचा नंबर. कोणी बघायला नसतं. "बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का" असं जागतिक पाहण्यांमध्ये विचारतात, त्यात नॉर्वे-स्वीडनमध्ये साठ टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणतात. भारत बराच खाली. धागाकर्त्याने ते वाक्य लिहू नका म्हटलंय, पण शेवटी लहानपणापासूनचे संस्कार म्हणून काही असतंच की.

खडूस_काका

अजयराव, ओस्लोत सायकल कुलूप न लावता ठेवून बघा आणि मग संस्कारांवर बोलू.

आता आकडे ऐका. २०१३ साली रीडर्स डायजेस्टने सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटं मुद्दाम टाकली होती. आत पैसे, फोन नंबर, घरच्यांचा फोटो. हेलसिंकीत अकरा परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, बारापैकी नऊ. लिस्बनमध्ये एकच आलं, आणि ते परत करणारं जोडपं हॉलंडहून फिरायला आलेलं होतं.

बारा पाकिटांवरून शहर ठरत नाही, मान्य. पण २०१९ मध्ये एक मोठा प्रयोग झाला, चाळीस देश, ३५५ शहरं, सतरा हजारांवर पाकिटं. त्यात जवळजवळ सगळ्याच देशांत पाकिटात पैसे असले की ते परत येण्याचं प्रमाण वाढलं, कमी झालं नाही. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनाही याचा अंदाज आला नव्हता. माणसं आपण समजतो त्यापेक्षा बरी असतात. मग कुलपं का लागतात, याचं उत्तर दुसरीकडे शोधा.

कसोटी

मी हिऱ्यांच्या दलालीत आहे. आधी ऑपेरा हाउसला, २०१० मध्ये बीकेसीला बोर्स, म्हणजे हिरेबाजार, सुरू झाल्यापासून तिकडे. आमच्या धंद्यात अजूनही लाखोंचा माल जांगडवर जातो. साधी छापील चिठ्ठी असते. वजन, नग, भाव, सही. कागदाच्या पुडीत माल, दलाल खिशात घालून निघतो, चार पेढ्यांवर दाखवतो, विकला तर पैसे, नाही तर संध्याकाळी माल परत. रोकड आणि पुड्या गावोगावी पोचवायला आंगडिया. हे बाहेरच्याला सांगितलं की तो म्हणतो, काय भोळे लोक!

भोळे कसले. एखाद्याने माल दाबला तर तासाभरात त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर असतो. त्याचा भाऊ, मेहुणा, साडू सगळे याच बाजारात. मुलीचं लग्न जमायची पंचाईत होईल. म्हणजे तारण ठेवलेलं असतं, फक्त ते बँकेत नसतं.

आता याची दुसरी बाजू, जी आमचे लोक सांगत नाहीत. मी मराठी, परळचा. या बाजारात मला पहिली पुडी मिळायला वर्षं गेली. हुशारीचा प्रश्नच नव्हता. मी कुणाचा कोण, हे सांगणारा कुणी नव्हता. शेवटी एका शेठने "माझा माणूस आहे" म्हटलं आणि दारं उघडली. ज्याला असा शेठ भेटला नाही तो आजही बाहेर चहा पितोय.

सातरस्ता

कसोटी, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट मांडता येत नव्हतं. मुंबईत विश्वास भरपूर आहे, पण तो कुंपणाच्या आत आहे. डबेवाल्यांचंच बघा. जुने लोक सांगतात, पगाराच्या दिवशी लोकलमध्ये खिसा कापला जाऊ नये म्हणून काही जण पगार रिकाम्या डब्यात घालून घरी धाडायचे. आणि तो पोचायचा. डबा नेणारा मावळातला, त्याचा मुकादम त्याच्याच पट्टीतला, दोघांचं गाव एक.

आमच्या आजोबांची गिरणगावातली गावकी मंडळाची खोलीही तशीच. एका खोलीत पाळ्यांनी झोपणारी माणसं, भिंतीला लागून ट्रंका, कुलपं नावाला. भिशीचे पैसे एकाकडे. पळून गेला तर गणपतीला गावात तोंड कसं दाखवणार? पण त्याच खोलीत शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला जागा नव्हती.

म्हणजे कायदा-कोर्ट-पोलीस यांच्यावर भिस्त नाही म्हणून आपण ओळखीवर चालतो, आणि ओळखीवर चालतो म्हणून अनोळखी माणसाला दुप्पट मोजावं लागतं. घरमालकांचा अनुभव कुणाला?

विरार_फास्ट

घरमालकांचा कशाला, भाडेकरूचा घ्या.

नोकरीला लागल्यापासून घरं बदलतेय. एकटी मुलगी म्हटलं की आधी विचारतात, "आईवडील येऊन राहणार का?" डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, दलालाला एक महिन्याचं भाडं, आणि अकरा महिन्यांनी "रिन्यू" केलं की दलाल परत हात पसरून उभा. माझी एक मैत्रीण आहे, पगार माझ्यापेक्षा जास्त, आडनाव मुसलमान. तिला फोनवर हो म्हणतात आणि आडनाव कळलं की "घर आत्ताच गेलं". तिने शेवटी ऑफिसपासून दोन तास लांब घर घेतलंय. रोजचे चार तास कुणाच्या अविश्वासाच्या खात्यात टाकायचे?

आमच्याच मजल्यावर एक फ्लॅट कित्येक वर्षं बंद आहे. मालक म्हणतात, भाडं नको आणि कटकट नको. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती. आणि मी डोंबिवली की विरार असा विचार करतेय.

किल्ला_कोर्ट

वकील आहे, म्हणून मालकांची भीती कुठून आली तेवढं सांगतो. १९४७ चा मुंबई भाडे कायदा युद्धानंतरच्या टंचाईत आला. भाडी गोठली, भाडेकरू हलेना. मालकांनी पळवाट काढली, "हा भाडेकरू नाही, लीव्ह अँड लायसन्सवर आहे", म्हणजे फक्त परवानगीने राहतोय. मग १९७३ मध्ये दुरुस्ती आली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूच ठरवलं. रातोरात. त्या एका तारखेने दोन पिढ्यांच्या मालकांना धडकी भरवली, ती अजून उतरलेली नाही. कायदा बदलून पंचवीस वर्षं झाली. १९९९ च्या कायद्यात मुदत संपल्यावर घर परत मिळवायची वेगळी, तुलनेने जलद वाट आहे, राहिलाच तर दुप्पट शुल्क आहे. आणि महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, म्हणजे नोंदणी टाळायला काढलेल्या अकरा महिन्यांना इथे काही अर्थच नाही. तरी अकराच लिहितात. सवय.

दुसरं, कोर्टाचं. चेक न वटल्याच्या म्हणजे १३८ च्या केसेस. सुप्रीम कोर्टानेच नोंदवलं आहे की २०१९ च्या अखेरीस देशभरच्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांहून जास्त या एकाच कलमाचे होते. चेकला दम देण्यासाठी आणलेल्या कलमाची ही गत. ज्याचे पैसे अडकलेत तो पुढच्या वेळी उधार देत नाही, ॲडव्हान्स मागतो. ज्याच्याकडे ॲडव्हान्स नाही त्याचा धंदा तिथेच खुंटतो. मीनलताईंची वही बंद पडली त्याच्या मुळाशी हेच आहे, फक्त मोठ्या आकड्यात.

निवृत्त_कॅशियर

आयुष्य बँकेत गेलं म्हणून थोडं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

बँकेचा अविश्वास कुणावर असतो? काउंटरपलीकडच्यावर. ऐंशी वर्षांच्या आजी पेन्शन काढायला येतात, हात थरथरतो, सही जुळत नाही, आम्ही परत पाठवतो. केवायसी परत आणा, हयातीचा दाखला आणा, फोटो जुना आहे, नवा आणा. मीसुद्धा केलंय, नियमच होते. आता दुसरीकडे बघा. फोर्टच्या ब्रॅडी हाउस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेचे तेरा हजार कोटींच्या वर हमीपत्रांतून गेले. ते २०१८ मध्ये उघड झालं, चालू कित्येक वर्षं होतं. परदेशी संदेश पाठवायची स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीशी जोडलेलीच नव्हती. आतल्या माणसाने संदेश पाठवला की काम झालं. आजीची सही तपासायला दोन माणसं, आणि तिकडे ताळा घ्यायला कुणी नाही.

पीएमसी बँक, सप्टेंबर २०१९. सकाळी लोकांना कळलं की सहा महिन्यांत हजार रुपये काढता येतील. कर्जाचा मोठा हिस्सा एकाच बिल्डर समूहाकडे, तोही खोट्या खात्यांखाली झाकलेला. मर्यादा पुढे वाढवत नेली, पण भाजीवाल्यांपासून सोसायट्यांपर्यंत सगळ्यांचे पैसे अडकले. त्यानंतरच, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हचं तेच. तिजोरीतल्या रोकडीतलेच १२२ कोटी गायब.

आमच्या चाळीतले एक गृहस्थ पीएमसीनंतर बँकेत पैसे ठेवेनात. सोनं घेतात. सोनं घरात, म्हणून तिजोरी. तिजोरी म्हणून दाराला सेफ्टी डोअर. सेफ्टी डोअर म्हणून लग्नालाही नवरा-बायको एकत्र जात नाहीत, एक जण घरी.

वरणभात

कॅशियर काकांचा प्रतिसाद वाचून हसणं थांबलं.

सोन्यावरून एक. आमच्या आईचा सराफ ठरलेला होता, कारण दुसऱ्याकडे मोडायला नेलं की तो तोंड वाकडं करून बट्टा कापणार. २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला आणि २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी नंबर आला. आता बहीण मोबाईलवर नंबर टाकून बघते आणि कुठल्याही दुकानात जाते. ओळखीच्या सराफापेक्षा मला हे बरं वाटतं. यात "सराफकाकांनी सांगितलं तेच" म्हणत मान डोलवावी लागत नाही.

सदाशिव_पेठी

वाचतोय. मुंबईकरांच्या माहितीसाठी, आमच्याकडे कुलपाऐवजी पाटी लावतात. खर्च एकदाच.

कोपऱ्यातली_सीट

आणि रिक्षा मीटरने चालते का हो तुमच्याकडे? मुंबईत अनोळखी रिक्षावाल्याच्या मागे बसतो, एक शब्द न बोलता उतरतो आणि मीटरचे पैसे देतो. घासाघीस नाही.

सदाशिव_पेठी

आता तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. वाचनमात्र होतो.

चाकरमानी_दिवा

विषय निघालाच आहे तर लोकल आणि मेट्रो यांची तुलना करा. लोकलला फाटकच नाही. रोजचे सत्तर-पंचाहत्तर लाख लोक असेच चढतात-उतरतात, मध्येच कधीतरी टीसी. धरला तर तिकिटाशिवाय किमान अडीचशे दंड. मेट्रोत आत जातानाही फाटक आणि बाहेर येतानाही, वर बॅग तपासणी. आता लोकलला मेट्रोसारखी फाटकं लावली तर दादरचा पूल सकाळी नऊला कोसळेल. काही ठिकाणी विश्वास ठेवावा लागतो कारण दुसरा इलाजच नसतो. फुकटे जातात थोडेफार, जाऊ देत. ते धरण्याच्या नादात बाकीच्यांची गाडी चुकवायची का?

लाईनमन_दादा

महावितरणमध्ये होतो. वीजचोरांनी तारांवर टाकलेले आकडे काढण्यात जन्म गेला. एका काळात आमच्याकडे भारनियमन गळतीप्रमाणे असायचं. ज्या फीडरवर, म्हणजे भागाच्या वीजवाहिनीवर, चोरी आणि थकबाकी जास्त, त्याला अंधार जास्त. वेळेवर बिल भरणारी म्हातारी पण अंधारात, कारण शेजाऱ्याचा आकडा. ती विचारायची, "मी भरते ना रे बाबा?" तिला काय सांगणार.

भिवंडीत गळती निम्म्याच्या वर होती. २००७ मध्ये वितरण टोरंट कंपनीला दिलं. काही वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या खाली आली. माणसं तीच, यंत्रमाग तेच. मीटर बदलले, वायरी बदलल्या, आणि वीज नीट मिळायला लागली. कुरबुरी अजून आहेत, मोर्चे निघतात, ते वेगळं. पण खडूस काका म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

सुनीताची_लेक

तीन दिवस वाचतेय, आता लिहिते.

माझी आई पंचवीसेक वर्षं घरकाम करते. ज्या कॉम्प्लेक्समध्ये जाते तिथे गेटवर तिचा फोटो, पोलीस व्हेरिफिकेशनची झेरॉक्स, ॲपवर नोंद. ती आत कधी आली, बाहेर कधी गेली, हे पाच घरांच्या मोबाईलवर दिसतं. बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवायची. कुणी जुनी साडी दिली, उरलेलं जेवण दिलं, तर मॅडमने वॉचमनला फोन करून सांगायचं, नाहीतर गेटवर थांबवतात. आईने यावर स्वतःच उपाय काढला. ती कामाला जाताना पारदर्शक पिशवी नेते, कपड्याच्या दुकानात देतात ती, चेनवाली. आत छत्री, डबा, मोबाईल. "बघायला सांगायच्या आधीच दिसू दे" म्हणते.

दोन वर्षांपूर्वी एका घरात अंगठी सापडेना. पहिला फोन आईला. वॉचमनसमोर पदर झटकायला लावला. संध्याकाळी अंगठी वॉशिंग मशीनच्या रबरात मिळाली. मॅडमचा मेसेज आला, "मिळाली. उद्या या." बस. आई गेली नाही. त्या कॉम्प्लेक्समधली दुसरी दोन घरंही सुटली, कारण तोवर ग्रुपवर फिरलं होतं, आणि अंगठी मिळाल्याचं कुणी फिरवलं नाही.

आता ती नवीन घर धरताना आधीच सांगते, कपाटाला चावी लावा, सोनं-पैसे बाहेर ठेवू नका, तुम्ही घरी असाल तेव्हाच येईन. मॅडम लोकांना वाटतं किती प्रामाणिक बाई. ती स्वतःला वाचवत असते.

आणि चोरी दोन्ही बाजूंनी असते. एका घरातून दोन महिन्यांचे पैसे अजून यायचेत, ते लोक दुबईला गेले. तिने काय करायचं? त्यांच्या गेटवर कुठलं ॲप आहे? २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याणाचा कायदा झाला, मंडळ आलं, आईची नोंदणीही आहे. तो कागदही त्या पिशवीत असतो.

सातरस्ता काका, तुम्ही विचारलंत बिल कोण भरतं. तुमच्या मेन्टेनन्समध्ये जे दिसतं ते निम्मं आहे.

मुलुंडची_मीनल

सुनीताच्या लेकी, आईला माझा नमस्कार सांग. माझ्याकडे पोळ्या लाटायला दोघी आहेत, गल्ल्याला मी नसले तर त्याच बसतात. नव्या मुलीला बसवायला मात्र मला वर्ष लागलं. तुझं वाचून विचार करतेय की त्या वर्षात तिला काय वाटलं असेल. विचारते उद्या.

नवा_सभासद_७७

कॅमेरे काढून टाका मग, आणि चोर आले की हा धागा वाचायला द्या त्यांना.

सातरस्ता

कॅमेरे काढा असं कुणी म्हटलेलं नाही. मालाडचा पूलही कॅमेऱ्यांमुळेच सापडला, मोठी गाडी दिसली म्हणून. प्रश्न कॅमेऱ्याचं तोंड कुणाकडे आहे हा आहे. तिथे धरले गेले त्यांत ठेकेदाराचाच माणूस, निवृत्त_कॅशियर सांगतात त्यातही आतलेच. आणि आपण झडती कुणाची घेतो, तर छत्री आणि डबा नेणाऱ्या बाईची. बिल्डरांचं उदाहरण घ्या. पूर्वी एका इमारतीचे पैसे दुसरीकडे फिरवायचे. २०१७ पासून महारेरात गिऱ्हाईकांच्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते कुलूप जागच्या जागी आहे. पूर्ण लागतं का, ते सोडा, पण दार तरी बरोबर निवडलंय.

सोसायटीपुरतं म्हणाल तर पिशवी तपासणी बंद करायचा ठराव टाकतोय. पडणार आहे, मला माहीत आहे. इतिवृत्तात तरी येईल.

किल्ला_कोर्ट

+१. इतिवृत्तात नावानिशी मतं नोंदवून घ्या.

घाटकोपर_घाईत

अवांतर आहे पण तातडीचं. काल कळव्याच्या अलीकडे दारात उभा होतो, रुळांच्या बाजूने हातावर फटका बसला आणि फोन गेला. स्टेशनवर "गहाळ" लिहून देतो म्हणाले. काय करू?

किल्ला_कोर्ट

"गहाळ" घेऊ नका. हिसकावून नेलं तर न्याय संहितेचं कलम ३०४ आहे, स्वतंत्र गुन्हा. साध्या चोरीत पाच हजारांच्या आतला माल असेल तर अदखलपात्र होतं, म्हणून फोनची किंमत बिलासकट लिहा. लोकलमधला प्रकार लोहमार्ग पोलिसांकडे जातो. हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर मागा, १ जुलै २०२४ पासून ते कायद्यातच आहे.

आधी डुप्लिकेट सिम काढा, कारण पुढचा ओटीपी त्यावरच येणार, आणि नव्या सिमवर मेसेज सुरू व्हायला दिवसभर लागू शकतो. यूपीआय आणि बँकेची ॲप आजच बंद करून घ्या. मग संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर तक्रारीची प्रत टाकून फोन ब्लॉक करा. आयएमईआय नंबर खोक्यावर असतो. खोकं ठेवलंय ना?

घाटकोपर_घाईत

खोकं आहे. बिल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर होतं, फोनमध्ये.

मुलुंडची_मीनल

दुकानदाराकडे कॉपी असते, जीएसटीचं बिल असेल तर नक्कीच. सकाळी दुकान उघडायच्या वेळी जा, दुपारी मालक नसतो.

घाटकोपर_घाईत

जातो. सिमची रांग लावलीय आत्ता, आधार कार्डाची मूळ प्रत मागतायत.